कॉलेजच्या महिला लॅक्रॉसमध्ये सहाय्यक कोच व्हायचं असेल तर

मंडळाच्या गणपतीत हल्ली दरवर्षी कोणीतरी आई मला प्रसादाच्या रांगेत गाठते आणि हळूच विचारते, "तुमची लेक ते लॅक्रॉसचं कोचिंग करते ना? आमचीही तेच म्हणतेय. त्यात पोट भरतं का हो?" रांग पुढे सरकते आणि उत्तर अर्धं राहतं. ते पुरं उत्तर इथे लिहिते आहे.

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने, म्हणजे स्टिकने, चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा मैदानी खेळ. माझी मुलगी न्यू जर्सीत शाळेपासून तो खेळली. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांचे तीन विभाग असतात, पहिला सगळ्यात वरचा. ती तिसऱ्या विभागातल्या एका कॉलेजसाठी चार वर्षं खेळली आणि २०१८ मध्ये पदवी घेऊन थेट कोचिंगमध्ये शिरली. मी साताऱ्याची. खो-खो आणि लंगडीपलीकडे मला खेळातलं काही कळत नव्हतं. पण तिचे अर्ज, करारपत्रं, घरभाड्याचे हिशेब सगळं आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झालं, आणि त्या टेबलाशी बसून मी हा व्यवसाय आतून पाहिला. मुलीनेही हा मजकूर वाचून दुरुस्त्या केल्या आहेत.

आधी काम काय आहे ते समजून घ्या

सहाय्यक कोच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिट्टी अडकवलेल्या पीटीच्या बाई येतात. मैदानावरचं काम असतंच, पण ते आठवड्याचा लहान हिस्सा आहे. कॉलेज खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएच्या पहिल्या विभागातल्या नियमाप्रमाणे हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि दिवसाला ४ तास घेता येतात, शिवाय एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. हंगाम नसताना ही मर्यादा ८ तासांवर येते. ही बंधनं खेळाडूंसाठी आहेत. कोचच्या तासांना कोणी मर्यादा घातलेली नाही. उरलेला आठवडा सामन्यांचे व्हिडिओ कापण्यात, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास लिहिण्यात, शाळकरी खेळाडू हेरण्यात, बस आणि जेवणाची व्यवस्था लावण्यात आणि मुलींच्या अभ्यासाकडे लक्ष ठेवण्यात जातो.

तिन्ही विभाग मिळून अमेरिकेत ५०० हून अधिक कॉलेजांचे महिला लॅक्रॉस संघ आहेत, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त तिसऱ्या विभागात. म्हणजे टीव्हीवर दिसणाऱ्या नॉर्थवेस्टर्न, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना या झगमगत्या नावांपेक्षा छोट्या गावातल्या छोट्या कॉलेजात पहिली नोकरी मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. त्यामुळे तिथल्या कोचला प्रत्येक मुलगी कॉलेजचा अभ्यासक्रम, आवार आणि स्वतःचा शब्द एवढ्या भांडवलावर मिळवावी लागते. माझ्या मते माणसं जोडायला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही.

एक हुन्नर निवडा, आणि तो खेळत असतानाच निवडा

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मुख्य कोचला "सगळं थोडं थोडं येणारी" सहाय्यक नको असते. तिच्याकडे जे नाही, ते जिच्याकडे आहे अशी मुलगी हवी असते. गोलीला, म्हणजे गोलरक्षक मुलीला शिकवणारी, बचावाची रचना बसवणारी, किंवा ड्रॉ शिकवणारी.

ड्रॉ म्हणजे काय ते थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या घराची चूल त्यावर पेटली. सामन्याचे चार भाग असतात. प्रत्येक भागाची सुरुवात ड्रॉने होते, आणि प्रत्येक गोलनंतरचा खेळही ड्रॉनेच सुरू होतो. दोन्ही संघांची एकेक खेळाडू मैदानाच्या मधोमध समोरासमोर उभी राहते. दोघींच्या स्टिकच्या जाळ्या पाठीला पाठ लावून धरलेल्या, आणि मध्ये चेंडू. शिट्टी झाली की दोघीही वर आणि बाहेर ओढतात, आणि चेंडू त्यांच्या डोक्यांपेक्षा वर उडावाच लागतो. एका सामन्यात असे वीस-पंचवीस ड्रॉ सहज होतात. जो संघ त्यांतले जास्त जिंकतो त्याच्याकडे चेंडू जास्त वेळा येतो, आणि समोरच्या संघाचा हल्ला कितीही भारी असला तरी त्याला नुसतं उभं राहून बघावं लागतं.

मुलगी कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी असताना त्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी मागच्या अंगणात मला समोर उभं करायची. तिच्या भावाचा पोहण्याचा चष्मा लावून, दुसरी स्टिक धरून मी उभी. "आई, हात सैल नको सोडूस." ताकातल्या रवीची दोरी एका झटक्यात ओढावी तशी तिची मनगटं फिरायची आणि चेंडू शेजारच्यांच्या कुंपणापलीकडे. मग ती थांबायची आणि वहीत लिहायची: डावा पाय पुढे होता, वरचा हात इतका खाली होता, चेंडू उजवीकडे गेला. आपण करतो ते दुसरीला सांगता यावं म्हणून ती शब्द शोधत होती. खेळता येणं आणि सांगता येणं या दोन गोष्टींमध्ये मोठं अंतर आहे, आणि कोचला पगार मिळतो तो सांगता येण्याचा.

कायला ट्रेनर हिचा प्रवास बघा. सिरॅक्यूजची ही गाजलेली खेळाडू ड्रॉमध्ये निष्णात होती. खेळणं संपल्यावर ती आधी हार्वर्डला आणि मग बॉस्टन कॉलेजला सहाय्यक झाली. बॉस्टन कॉलेजने २०२१ मध्ये पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेही अंतिम सामन्यात सिरॅक्यूजलाच हरवून. त्याच उन्हाळ्यात सिरॅक्यूजने तिला मुख्य कोच म्हणून परत बोलावलं.

पहिलं दार: ग्रॅज्युएट असिस्टंट

पदवीनंतर लगेच पूर्ण पगाराची नोकरी क्वचित मिळते. सगळ्यात शहाणपणाची वाट म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा. कॉलेज तुमची मास्टर्सची फी पूर्ण किंवा बरीचशी माफ करतं, वर थोडं मानधन देतं, आणि तुम्ही संघासोबत काम करता. आमच्या मुलीने अशी दोन वर्षं एका छोट्या कॉलेजात काढली. मानधनात खोलीचं भाडं निघायचं, किराणा आम्ही भरायचो. पण दोन वर्षांनी हातात क्रीडा व्यवस्थापनाची पदवी होती, डोक्यावर कर्ज नव्हतं, आणि दोन हंगामांचा अनुभव होता. खरं तर दीडच हंगाम, कारण मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळा हंगाम अर्ध्यावर रद्द झाला.

पूर्वी पहिल्या विभागात शिरायचं आणखी एक दार होतं: "स्वयंसेवक कोच". काम सगळ्यांइतकंच, पगार शून्य. तिच्या बरोबरीच्या किती मुलींनी रात्री हॉटेलात काम करून दिवसा असं कोचिंग केलं, ते मी पाहिलं आहे. १ जुलै २०२३ पासून एनसीएएने पहिल्या विभागातला हा प्रकार बंद केला आणि त्याऐवजी नियमित कोचची संख्या वाढवून दिली. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. आता पहिल्या विभागात कोणी "आधी वर्षभर असंच ये, मग बघू" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

शेवटच्या वर्षाला असतानाच करून ठेवण्याची तीन कामं: आपल्या मुख्य कोचला स्पष्ट सांगा की मला याच क्षेत्रात राहायचं आहे, कारण पहिली शिफारस तिचीच लागते. उन्हाळ्यात दोन-तीन वेगवेगळ्या कॉलेजांच्या शिबिरांत काम करा, तिथे इतर कोच तुम्हाला शिकवताना बघतात. आणि व्हिडिओ कापायचं सॉफ्टवेअर, हडल किंवा संघात जे असेल ते, हात बसेपर्यंत वापरा.

अर्जाचा मोसम

राष्ट्रीय अंतिम सामने मेच्या शेवटच्या आठवड्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीत होतात. ते आटोपले की खुर्च्या हलू लागतात. एखादी मुख्य कोच दुसरीकडे जाते, तिच्यामागे तिची सहाय्यक जाते, आणि तिची जागा रिकामी होते. जून ते ऑगस्ट हा खरा मोसम. महिला लॅक्रॉस कोचांची संघटना आयडब्ल्यूएलसीए हिच्या संकेतस्थळावर जागा लागतात, कॉलेजांच्या नोकरीपानांवर लागतात. जागा जाहीर व्हायच्या आधीच कोणाचा तरी फोन गेलेला असतो, हेही खरं. त्यामुळे अर्ज विद्यापीठाच्या पानावर रीतसर भराच, पण त्याच दिवशी मुख्य कोचला चार ओळींची ईमेल पाठवा. त्यात आपला हुन्नर पहिल्याच वाक्यात हवा.

मुलीचं पहिलं पत्र दोन पानांचं होतं. खेळावरचं प्रेम, जिद्द, संघभावना, सगळं होतं. एकाही ठिकाणाहून उत्तर आलं नाही. दुसऱ्या खेपेला तिने त्या संघाचे तीन सामने बघितले, त्यांचे ड्रॉ मोजले, चेंडू कुठल्या बाजूला जात होता ते एका पानावर आखलं आणि खाली लिहिलं, "इथे मी हे बदलून बघेन." तीन दिवसांत फोन आला.

मुलाखत साधारणपणे आधी फोनवर आणि मग कॉलेजात दिवसभर होते. मुख्य कोच, क्रीडा विभागाचे अधिकारी आणि बहुतेक वेळा खेळाडूही भेटतात. खेळाडूंशी बोलताना नुसती उत्तरं देऊ नका, त्यांना प्रश्न विचारा. संध्याकाळी मुख्य कोच त्यांनाच विचारते, "कशी वाटली?"

करारावर सही करण्याआधी

इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण इथेच आमचे हात पोळले.

२०२० च्या उन्हाळ्यात भरती जवळजवळ थांबली होती. एका कॉलेजने मुलीला अर्धवेळ जागा दिली. कागदावर आठवड्याचे तास लिहिले नव्हते, नुसतं "गरजेनुसार" असं होतं. आम्हीही विचारलं नाही. नोकरी मिळाली याचाच आनंद. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला आणि ती आठवड्याला पन्नास तास राबू लागली, पगार अर्धवेळेचा. आरोग्य विमा नव्हता. एप्रिलमध्ये अक्कलदाढ दुखायला लागली तेव्हा तिने हंगाम संपेपर्यंत दाढ तशीच दाबून धरली आणि मला सांगितलंसुद्धा नाही. ते कळलं त्या दिवशी मी फोन ठेवून खूप रडले. तेव्हापासून कोणाची मुलगी सही करायला निघाली की मी स्वतःहून फोन करते.

विचारायचं ते असं. करार १० महिन्यांचा की १२? दहाचा असेल तर उरलेल्या दोन महिन्यांत विमा चालू राहतो का? आठवड्याचे तास कागदावर किती? खेळाडू हेरायला जाताना गाडी कॉलेजची की स्वतःची, पेट्रोलचे पैसे किती दिवसांत परत मिळतात? आधी आपल्या क्रेडिट कार्डावर खर्च करायचा असेल तर ते आधीच कळलं पाहिजे. उन्हाळी शिबिराच्या उत्पन्नात सहाय्यकांचा वाटा किती? अनेक ठिकाणी वर्षाचा ताळमेळ शिबिरावरच बसतो. राहायला खोली किंवा मेसचं जेवण मिळेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: संघातला कोणता भाग माझा? ड्रॉ, गोली, बचाव की हल्ला, हे बोलून नाही, लिहून घ्या.

ओव्हरटाइमबद्दल अनेकांचा गैरसमज असतो. ज्या कोचचं मुख्य काम खेळाडूंना शिकवणं आहे तिला अमेरिकेच्या कामगार कायद्यात शिक्षकासारखं धरता येतं, आणि मग ओव्हरटाइम लागू होत नाही. जिचं मुख्य काम खेळाडू भरती किंवा कार्यालयीन आहे तिची गोष्ट वेगळी. म्हणून जागेचं वर्णन नीट वाचा.

नव्या संघातले पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात सूचना कमी आणि नावं जास्त. संघात तीस-पस्तीस मुली असतात. प्रत्येकीचं नाव, गाव, विषय आणि जुनी दुखापत पाठ करा. मुख्य कोचचा एखादा निर्णय पटला नाही तर तो तिच्या खोलीत, दार लावून सांगा. सामन्याच्या कडेला उभं राहून मान हलवली तरी मुलींना ती दिसते.

खेळाडू तुमच्याहून तीन-चार वर्षांनी लहान. काल तुम्हीही त्यांच्यासारख्याच होता, त्यामुळे मैत्रीण होण्याचा मोह फार होतो. तो टाळा. त्यांच्या पार्टीत जायचं नाही, समाजमाध्यमांवरच्या खाजगी गप्पांत शिरायचं नाही. पण दार उघडं ठेवायचं. एका रात्री साडेअकराला एक खेळाडू मुलीच्या खोलीबाहेर येऊन जमिनीवर बसली होती, जेवत नव्हती, झोपत नव्हती. मुलीने तिला आत घेऊन चहा केला, ऐकून घेतलं, आणि तिच्यासमोरच कॉलेजच्या समुपदेशकांच्या तातडीच्या क्रमांकावर फोन लावला. "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन तिने दिलं नाही, आणि तुम्हीही कधी देऊ नका. लैंगिक छळाची किंवा हल्ल्याची गोष्ट कानावर आली तर बहुतेक कॉलेजांत कोचला ती वर कळवावीच लागते. हे खेळाडूला ती बोलायला लागण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

खेळाडू हेरायची फिरती

नोव्हेंबर आणि मग जून-जुलै, मोठमोठ्या स्पर्धांच्या मैदानांवर शेकडो कोच घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले असतात. एकदा मी तिच्यासोबत गेले होते. एका वेळी दोन मैदानं दिसतील अशा कोपऱ्यात ती बसली, मांडीवर नंबरांची यादी. गोल कोणी केला हे ती फारसं लिहीतच नव्हती. "गोल सगळ्यांना दिसतो," ती म्हणाली. चेंडू हातून गेल्यावर मुलगी किती पावलांत वळून मागे धावते, बदली होऊन बाहेर आल्यावर बाकावर कुठे बसते, पाण्याची बाटली देणाऱ्या आईशी कसं बोलते, हे ती टिपत होती.

पहिल्या विभागात अकरावीच्या वर्षाच्या १ सप्टेंबरआधी खेळाडूशी किंवा तिच्या घरच्यांशी भरतीबद्दल बोलता येत नाही. हा नियम २०१७ मध्ये आला, कारण त्याआधी आठवी-नववीतल्या मुली कॉलेजांना शब्द देऊन बसत होत्या. त्या दिवशी एक ओळखीच्या मराठी बाई खुर्चीपाशी आल्या, मुलगी नववीत, आणि आपुलकीने विचारू लागल्या. माझ्या मुलीने हसून नमस्कार केला आणि उठून दुसऱ्या मैदानाकडे गेली. बाईंना वाईट वाटलं, मलाही. पण नियम मोडला तर संघ अडचणीत येतो. तिसऱ्या विभागाचे नियम याहून सैल आहेत. तुमच्या विभागाचं नियमपुस्तक आणि कॉलेजच्या नियमपालन कार्यालयातला माणूस, दोघांशीही पहिल्या आठवड्यातच ओळख करून घ्या.

गेल्या काही वर्षांत या कामाचं गणितही बदललं. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी आली आणि खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं होत गेलं. पहिल्या विभागात पूर्वी महिला लॅक्रॉसला १२ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या खटल्यात २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोड झाली. तीत सामील झालेल्या कॉलेजांना आता शिष्यवृत्त्यांऐवजी संघातल्या खेळाडूंची मर्यादा आहे, ३८. त्यामुळे शाळकरी मुली शोधताना दुसऱ्या कॉलेजातून येऊ पाहणाऱ्या खेळाडूंवरही लक्ष ठेवावं लागतं.

व्हिसाबद्दल थोडं

आपल्याकडच्या काही मुली आईवडिलांच्या नोकरीमुळे एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असतात. त्यावर पगारी काम करता येत नाही, आणि २१ व्या वर्षी तो दर्जा संपतो. म्हणून कॉलेजात असतानाच एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर जाण्याचा विचार वकिलाशी बोलून करा. एफ-१ वर ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं. पदवीनंतर मिळणाऱ्या ओपीटीसाठी, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काही काळ काम करण्याच्या परवानगीसाठी, काम आपल्या विषयाशी थेट जोडलेलं हवं, त्यामुळे मास्टर्स क्रीडा व्यवस्थापन किंवा तत्सम विषयात असेल तर सोपं जातं. विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक लॉटरीची अट लागू नाही ही जमेची बाजू. पण कोचच्या जागेला तो व्हिसा मिळवणं सोपं नाही, हे गृहीत धरूनच पुढची पावलं टाका.

पुढची पायरी, आणि निघताना

एका जागी किती वर्षं राहायचं? मुलीचं मत असं की जे शिकायला आलो ते हाती आलं, आणि आपण आणलेल्या मुलींची एक तुकडी तरी मैदानात दिसली, की निघायला हरकत नाही. कॅथी रीस मेरीलँडला सिंडी टिमचल यांच्या हाताखाली खेळल्या, मग तिथेच सहाय्यक झाल्या. त्यानंतर डेन्व्हरला जाऊन त्यांनी तीन हंगाम स्वतः संघ चालवला आणि मगच मेरीलँडला मुख्य कोच म्हणून परतल्या. पुढे २०१० ते २०१९ मध्ये त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मोठ्या संघात दुसऱ्या क्रमांकावर कितीही वर्षं काढली तरी छोट्या संघात पहिल्या क्रमांकावर बसून जे कळतं ते वेगळं. वाटेत "असोसिएट हेड कोच" हा हुद्दा मिळत असेल तर पगारात फार वाढ नसली तरी घ्या. मुख्य कोचच्या जागेसाठी अर्ज करताना तो उपयोगी पडतो.

दुसरीकडे अर्ज करण्याआधी आपल्या मुख्य कोचला सांगा. हे जग लहान आहे, संध्याकाळपर्यंत तिला कळणारच असतं, आणि ते तुमच्या तोंडून कळलेलं बरं. खेळाडूंना बातमी फोनवरच्या संदेशातून देऊ नका. मुलीने गेल्या वेळी सगळ्यांना एकत्र बोलावलं, आणि ज्या तिघींना तिने स्वतः त्या कॉलेजात आणलं होतं त्यांना त्याआधी वेगळं भेटली. त्यांतली एक तासभर काही बोललीच नाही. मग तिने विचारलं, "माझे ड्रॉ आता कोण बघणार?" मुलीने नव्या सहाय्यकेसाठी सगळे व्हिडिओ प्रत्येकीच्या नावाने लावून ठेवले होते, आणि सोबत एक वही: कोणाचा कुठला पाय पुढे असतो, कोणाला रागावून चालत नाही, कोणाला सकाळी सांगितलेलं संध्याकाळी लागू होतं. त्या वहीची झेरॉक्स अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.